बिल्ल्यावरची साय

नांदेडात मला खोली देताना घरमालकानं एकच अट घातली. मित्र आणा, पत्ते कुटा, भिंतीला खिळे ठोका, खिळे कमी पडले तर खाली दुकानातून घेऊन जा. फक्त पितळ घासायचं काही म्हणून घरात आणायचं नाही. चिंच नाही, राख नाही, बाजारात मिळते ती पिवळी पावडर तर मुळीच नाही. आणि लिंबूही नाही.

"वरणात पिळायचं असलं तर?" मी विचारलं.

"तर खाली येऊन पिळायचं. माझ्या नजरेसमोर."

हे आमचे चाचा. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. त्यांची सख्खी सासूसुद्धा त्यांना चाचाच म्हणायची, म्हणजे बघा. तळमजल्यावर त्यांच्या बँडपार्टीचं दुकान, मागे त्यांचं आणि त्यांच्या लेकीचं घर, आणि वरच्या खोलीत मी. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं म्हणून लोह्याहून आलेला, डोक्याला भरपूर तेल लावणारा भाडेकरू.

चाचा मोठा ड्रम वाजवत. पोटावर पट्ट्यानं बांधायचा आणि दोन्ही बाजूंनी बडवायचा, तो. मी अतिशयोक्ती करत नाही, तो माझा स्वभावच नाही. पण चाचांनी गल्लीत टोला दिला की विष्णुपुरीच्या धरणावरचे बगळे उडत. आणि नुसते उडत नसत, ठेका धरून उडत. मी कॉलेजच्या खिडकीतून बघितलेलं आहे.

या ड्रमच्या लाकडी पोटावर, लोकांकडं तोंड करून, तळहाताएवढा एक पितळी बिल्ला होता. पितळी म्हणायचं ते आपलं चाचांवर विश्वास ठेवून. दिसायला तो मधोमध उकळलेल्या चहासारखा, कडेनं पोपटी आणि खिळ्यांभोवती वांग्याच्या रंगाचा. त्यावर ठोकून उठवलेली काही अक्षरं होती, पण ती काजळीत आणि कळकात अशी बुडालेली की बोट फिरवलं तर नुसते उंचवटे लागत. अर्थात बोट फिरवायला चाचा देत नसत.

लोक त्याला मळ म्हणत. चाचा म्हणत, साय.

"दुधावर साय धरायला एक रात लागते, मियाँ," ते मला सांगत, "पितळेवर धरायला तीन पिढ्या लागतात. अन् तुम्ही लोक ती अर्ध्या लिंबात काढून राहिले! चमकायला काय, चमचा बी चमकतो. घासल्यानं कुणी उजळत न्हाई. पातळ व्हतं."

बँडमध्ये काम करणाऱ्या माणसानं असं बोलायचं म्हणजे हलवायानं साखरेला नावं ठेवण्यासारखं आहे. वरातीत लोक आधी चमक बघतात, मग सूर ऐकतात. चाचांच्या बँडमधल्या पोरांची ट्रंपेटं लखलखत असत (ती बिचारी आपापल्या घरी, दारं लावून घासत), लाल कोटांवरची जर झगमगत असे, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध चाचांचा ड्रम म्हणजे पांढऱ्याशुभ्र दातांच्या ओळीत किडकी दाढ. एकदा एका नवरीचा बाप भीत भीत म्हणाला, "चाचा, तेवढं जरा पुसून घेता का?"

"तुम्ही तुमच्या आजोबाच्या तोंडावर इस्त्री फिरवता का?" चाचा म्हणाले, आणि त्या माणसाच्या कानाशी असा टोला हाणला की तो मुलीच्या पहिल्या बाळंतपणापर्यंत 'आँ?' म्हणत होता.

बिल्ल्याची निगा राखायची त्यांची पद्धत ठरलेली. फडकं नाही, तेल नाही. मोराचं एक पीस घ्यायचं, श्वास रोखायचा, वरची धूळ तेवढी उडवायची आणि मग तोंड बाजूला करून श्वास सोडायचा. बिल्ल्याचा रंग बघून ते भविष्यही सांगत. एकदा सकाळी म्हणाले, "आज हिरवा लई उतरलाय. आजची वरात निघत न्हाई." हसलो आम्ही. दुपारी निरोप आला, नवरदेवाला गोवर निघालाय.

इतका जीव का? तर चाचांच्या मते त्या सायीखाली एका नवाबाचं नाव होतं. चाचांचे आजोबा, म्हणजे दादाजान, असे काही वाजवत की नवाबानं खूश होऊन एक सोडून दोन ड्रम बक्षीस दिले आणि दोघांवर आपल्या नावाचे बिल्ले ठोकले. कुठला नवाब, ते चाचांना ठाऊक नव्हतं. "खाली लिवलंय ना," ते म्हणत. मग वाचू या की, असं म्हटलं तर म्हणत, "वाचायसाठी साय काढू? मला भरोसा हाय."

आता माझ्या मायनं काय केलं ते सांगतो. माय लोह्याहून मला भेटायला आली. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि, घात झाला, चिंचेचा गोळा. चाचा नमाजला गेले होते. मायला दुकानात तो ड्रम दिसला. तिला वाईट वाटलं. एवढा नेक माणूस, लेकराला खोली दिली, बायको वारलेली, घासायला लेकीला सवड मिळत नसेल. तिनं पदर खोचला.

चाचा परत आले तेव्हा माय चिंच चोळत म्हणाली, "दादा, एवढा मोठा ढोल अन् हे काळं तोंड? थांबा, घडीभरात सोन्यासारखा करून देते."

चाचांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा फक्त रेल्वेच्या इंजिनातून ऐकला. मायच्या हातातली चिंच रस्त्यात जाऊन पडली. पण तोवर बिल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा पिवळीधमक झाली होती.

दोन दिवस चाचा जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांची बकरी आणली आणि ड्रमजवळ बांधली. बकरी जिथं राहते तिथलं पितळ लवकर काळं पडतं, असं त्यांच्या अब्बांनी सांगितलेलं. बकरी महिनाभर दुकानात होती. तिनं एका क्लॅरिनेटची पिशवी आणि बँडमास्तरच्या टोपीचा तुरा खाल्ला. साय काही धरली नाही. पण एक झालं. त्या पिवळ्या नखाएवढ्या जागेत एक अक्षर स्पष्ट दिसू लागलं. प.

"पातशहा!" चाचा ओरडले. "पातशहाचा प! नवाब न्हाई, पातशहानं दिलाय!" आणि त्याच पावली लोह्याला फोन लावून मायला म्हणाले, "भाभी, माफ केलं."

पातशहाची खबर लातूरला पोचवायची म्हणून ते मला घेऊन गेले. लातूरला त्यांचे चुलत भाऊ, वयानं वडील. चाचा त्यांना भाईजान म्हणत, ते चाचांना छोटे. दादाजानच्या दोन मुलांनी बँड वाटून घेतला तेव्हा एक ड्रम नांदेडला राहिला, एक लातूरला गेला. बिल्लेही जुळे. पण लातूरच्या घराण्याचा धर्म उलटा. भाईजानचे अब्बा रोज बिल्ला घासत, भाईजानही रोज घासत.

मी तो बिल्ला बघितला. बघितला कसला, डोळे मिटून घेतले! रस्त्यानं जाणारे ऑटोवाले तिथं आले की कपाळावर आडवा हात धरत. घासून घासून त्यावर एक अक्षर म्हणून उरलं नव्हतं, नुसता आरसा. भाईजानचा मुलगा त्यात बघून दाढी करत होता. पाठीमागच्या बाजूवर अन्याय नको म्हणून भाईजान तो मधूनमधून काढून मागूनही घासत. एके ठिकाणी तर पत्र्याला भोक पडलं होतं.

"भाईजान," चाचा म्हणाले, "पातशहाचं नाव निघालं."

"कुठला पातशहा? दादाजानचं स्वतःचं नाव व्हतं त्यावर. आमच्याच्यावर बी व्हतं."

"मग कुठं गेलं?"

"रोज घासल्यानं ते दिलात उतरलं," भाईजान छातीवर हात ठेवून म्हणाले. "तुझ्याच्यावर अजून मळातच पडलंय. छोटे, तुला लाज कशी वाटत न्हाई?"

हे भांडण फाळणीपासून, म्हणजे त्यांच्या बँडच्या फाळणीपासून चालू होतं, आणि तसंच चालू राहिलं असतं. पण नेमकं त्या भेटीत चहा द्यायला चाचांची लेक रुबीना होती, चार दिवस लातूरला राहायला आलेली. आणि दाढी अर्धी सोडून तिच्याकडं बघत बसलेला भाईजानचा मुलगा होता. पुढचं तुम्हाला कळलंच. निकाह ठरला.

आता या घराण्याचा एक रिवाज होता, जगात दुसरीकडं कुठं नसेल. दादाजान जाताना सांगून गेले होते की दोन्ही घरांत सोयरीक झाली तर वरात दाराशी आल्यावर आधी दोन ड्रम एकमेकांना भेटवायचे. पोटाला पोट, बिल्ल्याला बिल्ला. बिल्लाभेट झाल्याशिवाय नवऱ्यानं उंबरा ओलांडायचा नाही. आजवर तशी वेळ आली नव्हती.

लातूरहून निरोप आला: बिल्ला घासून ठेव. माझ्या आरशाला तुझा कळक लागलेला मला चालणार नाही.

नांदेडहून निरोप गेला: मुलगी देतो, साय देत न्हाई.

रुबीना बापाला म्हणाली, "अब्बा, एका पत्र्यापायी माझी वरात रस्त्यात उभी ऱ्हायली तर बघा."

"बेटी, तुझ्यासाठी जान देतो."

"जान नक्को. चिंच लावा."

त्या आठवड्यात मी चाचांना बऱ्याचदा ड्रमसमोर बसलेलं बघितलं. एकदा तर त्यांच्या मुठीत खरोखर लिंबू होतं. मला बघून त्यांनी ते खाऊन टाकलं. सालीसकट.

निकाहच्या दिवशी, दुपारी कडक उन्हात, लातूरची वरात गल्लीत शिरली. भाईजानचा बिल्ला असा तळपत होता की समोरच्या घरांवरचे कावळे उठून गोदावरीपार गेले. पुढं भाईजान, पोटावर ड्रम. दारात चाचा, पोटावर ड्रम. मध्ये चार पावलांचं अंतर. बँड थांबला.

भाईजाननी चाचांच्या बिल्ल्याकडं बघितलं. तसाच. चहा, पोपटी, वांगी.

"छोटे, घास. न्हाईतर वरात इथंच."

"वरात इथंच तर इथंच. मंडपाला कापड कमी हाय का? वाढवतो."

"अब्बा, ऊन लई लागून राहिलंय," नवरदेव मागून म्हणाला. शेरवानीत तो उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता. दारातून रुबीनाची मैत्रीण डोकावत होती, तिच्यामागं रुबीनाची मेंदीभरली बोटं दिसत होती आणि ती बोटं चौकटीवर टकटक करत होती. रागानं, हे मला नंतर कळलं.

भाईजान वळले, नवरदेवाच्या गाडीला नजर लागू नये म्हणून बांधलेलं लिंबू त्यांनी ओढून काढलं, दातांनी फोडलं आणि चाचांच्या पोटाकडं धावले. चाचांनी ड्रम फिरवला. भाईजाननी फिरवला. दोन ड्रम एकमेकांवर असे आदळले की तो टोला लातूरला ऐकू गेला असेल. चाचांच्या बिल्ल्याचे तीन पिढ्यांचे खिळे त्या दणक्यानं निसटले. बिल्ला उडाला, उन्हात एकदा फिरला आणि रस्त्यावर पडला. पालथा.

सगळे वाकून बघू लागले. पाठीमागची बाजू लाकडाला चिकटून राहिलेली, तिला ना साय लागली होती ना चिंच. अक्षरं मागून ठोकून उठवलेली, त्यामुळं तिथं ती खोल आणि स्वच्छ उमटलेली. पण उलटी.

"कानडी हाय," उदगीरकडचा एक पाहुणा म्हणाला.

"ह्याला काय कानडी म्हंत्यात? तेलगू हाय, मी देगलूरचा," दुसरा म्हणाला.

"फारसी," चाचा गहिवरून म्हणाले. "पातशहाची फारसी."

हातात मोबाइल सगळ्यांच्या होते, पण सगळे भांडणाचा व्हिडिओ काढण्यात गुंग. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत नवरी स्वतः बाहेर आली. म्हाताऱ्या बायका 'अगं अगं' करत मागं. तिनं बिल्ला उचलला, उलटसुलट बघितला, आणि सासऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"बडे अब्बा, हलू नका."

तिनं बापाच्या बिल्ल्याची पाठ सासऱ्याच्या बिल्ल्यासमोर धरली. तीन पिढ्या घासलेल्या त्या आरशात तीन पिढ्या झाकलेली अक्षरं सुलट होऊन उभी राहिली. मराठी होती. बाळबोध, गोल गोल. रुबीना मोठ्यानं वाचू लागली.

"शाळेचे..."

"शाळेचे?" चाचा म्हणाले.

"शाळेचे सामान." खाली लोह्याकडच्या एका गावाचं नाव होतं. मग ती थांबली, ओठ चावला, आणि पुढचं वाचलं. "कवायत झाल्यावर परत करणे."

भाईजानच्या कोपरावरून लिंबाचा रस टपकलेला मला ऐकू आला. कोपऱ्यातला तो 'प' पातशहाचा नव्हता. परतचा होता.

चाचांनी हळूच बिल्ला लेकीच्या हातातून घेतला आणि तोंड वर करून, म्हणजे सायीची बाजू वर करून, छातीशी धरला.

"तरी मी म्हणत व्हतो," ते म्हणाले, "साय काढू नका."

भाईजान आपल्या आरशाकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

"छोटे," ते म्हणाले, "माझे अब्बा रोज का घासायचे, ते आज कळलं."

"अन् माझे अब्बा हात का लावू द्यायचे न्हाईत, ते बी."

मग आधी भाईजानचं पोट हललं. पोटावर ड्रम होता, तो घुमला. मग चाचांचं. एका बापानं पुसून झाकलं, दुसऱ्यानं मळवून झाकलं, आणि त्यांची पोरं जन्मभर त्याच्यावरून धर्मयुद्ध करत बसली! दोघे हसता हसता एकमेकांच्या गळ्यात पडायला गेले. मध्ये ड्रम. पोटाला पोट लागलं. चाचांच्या मुठीतला बिल्ला भाईजानच्या बिल्ल्यावर टणकन वाजला.

"झाली बिल्लाभेट!" नवरदेव ओरडला, आणि कुणी काही बोलायच्या आत उंबरा ओलांडून सावलीत गेला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण चाचांना झोप लागेना. दादाजाननी नेलेलं सामान, वर लिहिलेलं परत करणे, आणि आपल्याला ते आता ठाऊक झालेलं. सायीखाली होतं तोवर ठीक होतं. आठवड्यानं म्हणाले, "चल. द्यायला जाऊ." बिल्ला जुन्याच जागी, सायीची बाजू वर ठेवून त्यांनी पुन्हा ठोकला होता. भाईजानलाही बोलावून घेतलं. जीपमध्ये दोन ड्रम, दोन म्हातारे आणि वाट दाखवायला मी, कारण मी त्याच बाजूचा. सगळ्या रस्त्यात चाचा ड्रमच्या पोटावर हात ठेवून बसले होते. आजारी माणसाला नेताना धरतात तसा.

शाळा सापडली. मोठ्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भाईजानच्या बिल्ल्यात बघून आधी आपला चष्मा सरळ केला. म्हणाल्या, "यावर तर काहीच नाही. कशाच्या आधारावर घेऊ?" मग चाचांच्या बिल्ल्याकडं वाकल्या. "आणि हे वाचता येत नाही. असं करा, पटांगणात चिंच आहे. घासून द्या, मग घेते."

"मागून वाचता येतं," चाचा म्हणाले. खरं तेच बोलले.

"समोरून आलं पाहिजे."

पोरं जमली होती. एकानं पळत जाऊन चिंचेचा आकडा आणला आणि चाचांच्या तळहातावर ठेवला. चाचा त्या चिंचेकडं बघत राहिले. ड्रम देणं त्यांनी मनाशी कबूल केलं होतं, ते मी बघत होतो. पण घासून द्यायचं, हे काही त्यांच्या हातून होत नव्हतं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "वर काय लिवलंय? कवायत झाल्यावर परत करणे. बरोबर? मग आधी कवायत तर व्हऊ द्या."

बाईंनी चाचांकडं बघितलं, चिंचेकडं बघितलं. चष्म्याच्या आत काहीतरी हसलं. त्यांनी शिट्टी वाजवली.

पोरं रांगेत उभी राहिली. चाचांनी ड्रम पोटावर बांधला, भाईजाननी बांधला, आणि दादाजानच्या नंतर पहिल्यांदा ते दोन ड्रम शेजारी शेजारी वाजले. पोरांचे पाय असे काही पडत होते की लोह्याच्या बाजारात लोक दुकानांची फळकुटं धरून उभे राहिले. कवायत अर्धी झाली आणि मधल्या सुट्टीची घंटा वाजली.

"राहिलेली झेंडावंदनाला," बाई म्हणाल्या.

मी आता लातुरात नोकरीला असतो, पण झेंडावंदनाला अजून सकाळी जीप काढून त्या शाळेत जातो. दोन्ही म्हातारे आलेले असतात. एकाचा बिल्ला डोळे दिपवतो, दुसऱ्याचा आता वांगीही राहिला नाही, पार काळा झालाय. मायनं घासलेल्या कोपऱ्यावरही साय धरायला लागलीय. दरवेळी वाजवून घामाघूम झाले की चाचा पट्टा सोडतात, ड्रम पोरांपुढं ठेवतात आणि प्रामाणिकपणे विचारतात,

"झाली का रे कवायत?"

आणि सगळी शाळा एका दमात ओरडते,

"न्हाईऽऽ!"